सिस्टर, डॉक्टरांना सांगू नका हं

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:४२

नाईट करून घरी आले, अंघोळ झाली, पडदे ओढले, पण डोळा लागेना. म्हणून इथे येऊन लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन सतरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात गेली. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका, ओळखलंत तरी लिहू नका.

गेल्या आठवड्यात रात्री तीनच्या सुमाराला सात नंबरच्या काकांच्या मिसेस बेल न वाजवताच काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, हे नीट बोलत नाहीयेत." जाऊन बघते तर चादर घामाने चिंब, काकांचे डोळे उघडे पण नजर भलतीकडेच. एचजीटी, म्हणजे बोट टोचून साखर बघितली, तर ४८. आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं, २५ टक्के डेक्स्ट्रोज गेलं, आणि थोड्या वेळात काका उठून बसले आणि मलाच विचारतात, "काय झालं? तुम्ही का पळताय?"

माझं डोकं मात्र चालेना. रात्रीचं इन्सुलिन मीच दिलेलं, चार्टप्रमाणे, दुसऱ्या सिस्टरला दाखवून. जेवण पूर्ण गेलेलं. मग साखर पडली कशाने? पहाटे पाचला परत ५६.

पाण्याची बाटली काढायला लॉकर उघडला, तर बिस्किटांच्या पुड्याखाली स्टीलची चपटी डबी. आत तपकिरी पूड आणि भातुकलीतला असावा एवढासा चमचा. काकू म्हणाल्या, "ते शुगरचं आहे. स्टेशनबाहेर एकजण बसतो, त्याच्याकडचं. तीन महिने झाले, गुण आहे." आणि लगेच माझा हात धरून, "सिस्टर, डॉक्टरांना सांगू नका हं. ओरडतील."

मी सांगितलं. न सांगून कसं चालेल? सकाळच्या राउंडला सर आले आणि सहा पेशंटांच्या देखत काकूंना जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. काकू सगळा वेळ माझ्याकडे बघत होत्या, सरांकडे नाही. दुसऱ्या रात्री मी बीपी घ्यायला गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, ते कळतं आम्हाला. डबी लॉकरमध्ये नव्हती. कचऱ्यात गेली की पर्समध्ये, मला माहीत नाही.

आता खरं सांगते. आमच्या चेंजिंग रूममध्ये एका सिस्टरच्या थर्मासात काढा असतो, दुसरीच्या पर्समध्ये होमिओपॅथीच्या साबुदाण्याच्या गोळ्या. केरळच्या दोघी सुट्टीवरून येताना पाठदुखीचं तेल आणतात आणि ते वॉर्डभर फिरतं. माझ्या लेकीला बरं नसलं की सासूबाई मीठ-मोहरीने नजर काढतात आणि मी गप्प बसते. कधी कधी मीच काढते. आणि ॲप्रन चढवला की त्याच आम्ही पेशंटला सांगतो, "बाहेरचं काही घ्यायचं नाही."

इथे बऱ्याचजणी नर्सिंगमध्ये आहेत, म्हणून विचारते. तुमचं घरी एक आणि वॉर्डात एक असं होतं का? आणि पेशंटने असं काही विश्वासाने सांगितलं तर काय करता?

खाडीपलीकडचा | मंगळवार, सकाळी १०:१५

ताई, लिहिलंय छान, पण मुद्दा सोपा आहे. ज्याने गुण येतो हे तपासून सिद्ध झालंय ते औषध, बाकी सगळा बाजार. २०२० मध्ये आमच्या सोसायटीत आर्सेनिकम आल्बम ३० या होमिओपॅथीच्या औषधाच्या बाटल्या घरोघर वाटल्या. ३० पोटेन्सी म्हणजे शंभरपट पातळ करायचं, आणि तेच तीस वेळा. बाराव्या खेपेच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही हाती लागायची शक्यता उरत नाही. बारावीच्या मुलाला करता येईल असं गणित आहे. आणि नर्सच जर पर्समध्ये त्या गोळ्या ठेवणार असेल तर पेशंटने कोणाकडे बघायचं?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी १०:२१

गणित बरोबर आहे हो दादा. पण माझ्यासमोर गणित नव्हतं, काकू होत्या.

निवृत्त मेट्रन | मंगळवार, दुपारी १:०५

अगं, तुझं वाचून पंचवीस वर्षं मागे गेले. मी जास्त करून प्रसूती विभागात होते. तिथे तर आजीबाई आणि सिस्टर यांची रोजचीच लढाई. बाळ जन्मून दोन तास होत नाहीत तोवर पदराआडून मधाचं बोट यायचं. मध एक वर्षापर्यंत द्यायचा नसतो, त्यात बोट्युलिझमच्या, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या रोगाच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्याशा बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण मी नवी असताना आजीबाईंच्या हातावर चापटी मारल्यासारखी ओरडायचे, आणि मग बाळ घरी गेल्यावर मध चाटवला जायचा. फरक काय पडला?

नंतर शहाणपण आलं. आजीला विचारायचे, "काय काय करणार तुम्ही घरी?" ती सांगायची. गुटी, धुरी, कानात तेल, काजळ, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. मग मी म्हणायचे, लाडू आणि खीर पोरीला भरपूर द्या, ती तुमच्या हातची हवीच. तेल अंगाला जिरवा, कानानाकात नको. काजळात शिसं असू शकतं, तीट लावायचीच तर कपाळाला नको, तळपायाला लावा, पायाला काय दृष्ट लागत नाही का! हसायच्या आणि ऐकायच्या. मध शेवटी सांगायचा, म्हणजे तोवर आपण शत्रू राहिलेलो नसतो.

तुझ्या सरांनी जे केलं ते काही नवं नाही. पण एक विचारू? तू सांगितलंस ते काकूंना सांगून सांगितलंस, की परस्पर?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:३०

परस्पर, बाई. सकाळी ड्युटी सोपवताना, हँडओव्हरमध्ये. गडबडीत.

निवृत्त मेट्रन | मंगळवार, दुपारी १:३४

मग त्या भिंतीकडे तोंड करतील नाहीतर काय.

वैद्यबुवा नेरूळकर | मंगळवार, दुपारी ३:५०

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा डॉक्टर. आणि गंमत अशी की नवी मुंबईतल्या एका नर्सिंग होममध्ये रात्रीचा आरएमओ मीच असतो. म्हणजे धागाकर्तीने ज्याला रात्री तीनला उठवलं, तो माझ्यासारखाच कोणीतरी असणार. दिवसा नाडी बघतो, रात्री अँटिबायोटिक लिहितो. असो.

दोन गोष्टी. एक, स्टेशनबाहेरच्या पुडीला आयुर्वेद म्हणू नका, ही हात जोडून विनंती. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, बॅच नंबर नाही, परवाना नाही, ती आयुर्वेदाची नाही, कशाचीच नाही. दोन, ४८ वर आलेली साखर वर आणल्यावर दोन तासांत परत ५६ झाली, हे वाचून माझे कान उभे राहिले. नुसत्या कारल्या-मेथीने असं वारंवार सहसा होत नाही. साखरेच्या अशा 'जडीबुटी'मध्ये ग्लिबेनक्लामाइडची, म्हणजे साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या औषधाची, गोळी कुटून घातल्याची उदाहरणं बाहेरच्या देशांत नोंदलेली आहेत. तिचा परिणाम लांबतो, आणि किडनी कमजोर असेल तर फारच लांबतो. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड असतं, ते तर आपल्याकडे प्रत्येक डॉक्टरने पाहिलेलं आहे. तुमच्या पुडीत काय होतं ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ती डबी हातची जायला नको होती. पिशवीत घालून, नाव-तारीख टाकून ठेवायला हवी होती.

खाडीपलीकडचा | मंगळवार, दुपारी ४:०८

म्हणजे लायसनवालं सगळं उत्तम? २००३ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून आयुर्वेदिक औषधांचे ७० नमुने घेऊन तपासले, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हे २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आलंय. त्या डब्यांवर लेबलं होती.

वैद्यबुवा नेरूळकर | मंगळवार, दुपारी ४:३०

माहीत आहे. रसौषधी, म्हणजे पारा वगैरे धातूंची औषधं, हा कच्च्या हातांचा खेळ नाही, हे आमच्या ग्रंथांतही आहे. मी पळवाट काढत नाहीये. पण त्या न्यायाने तुम्ही उद्या सुंठही बंद कराल.

पूर्वेकडचा वारा | मंगळवार, संध्याकाळी ६:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

नर्सेसच्या पगारावर आणि 'गुलाम मानसिकते'वर लिहिलेला प्रतिसाद काढला आहे. विषयावर बोला.

ब्रदर घणसोली | मंगळवार, रात्री ११:२०

मी डायलिसिसला. आमच्याकडे तर हा प्रश्न रोजचा आहे, कारण पेशंट आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास समोर असतो. घरचं सगळं कळतं. जावयाचं भांडणही कळतं.

आमच्या एका पेशंटला शेजाऱ्यांनी कमरख दिलं, बाजारात स्टारफ्रूट म्हणतात ते. फळच आहे, त्याला काय विचारायचं? पण किडनी निकामी असलेल्या माणसाला ते विषासारखं असतं. त्यातलं द्रव्य शरीराबाहेर पडत नाही आणि मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी ही त्याची पहिली खूण. हा माणूस उचक्या देत आला, बायको म्हणे कोणीतरी आठवण काढतंय. आमच्या सिनियर सिस्टरने फक्त एक प्रश्न विचारला, "काल काय वेगळं खाल्लंत?" बास. ताबडतोब मशीनवर घेतलं, बचावला. तिने "बाहेरचं औषध घेता का?" असं विचारलं असतं तर उत्तर 'नाही' असंच आलं असतं. त्याच्या लेखी ते औषध नव्हतंच.

सांगायचं काय, तर फॉर्मवरचा प्रश्नच चुकीचा आहे. 'चालू औषधे' या रकान्यात कोणी काढा लिहीत नाही.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:१५

(नाईटच आहे, वॉर्ड शांत आहे, नजर नको लागायला.)

ब्रदर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या ॲडमिशन शीटवर ॲलर्जी आहे, व्यसन आहे, खोटे दात आहेत का तेसुद्धा आहे. हे नाही.

शिकवणी | बुधवार, सकाळी ११:००

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, आणि हा माझा आवडता विषय, म्हणून जरा पुस्तकी बोलते. परिचारिकांना पूरक उपचारांबद्दल काय वाटतं यावर बऱ्याच देशांत पाहण्या झाल्यात. २०१५ च्या एका आढाव्यात अशा १५ अभ्यासांचा गोषवारा आहे. सुमारे ६६ टक्के नर्सेसचा कल अनुकूल. पण ७७ टक्क्यांना त्यातले फायदे-धोके पुरते माहीत नाहीत. आणि ४७ टक्क्यांना पेशंटशी त्यावर बोलायला अवघड वाटतं. म्हणजे चेंजिंग रूममधला थर्मास काही ठाण्याचाच नाही.

का असेल असं? मला वाटतं आमच्या पेशाची घडणच तशी आहे. नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्ये लिहून ठेवलं की उजेड, मोकळी हवा, स्वच्छता, शांतता, नीट अन्न द्या, बरं करायचं काम निसर्ग करतो. हे वाक्य कोणत्याही निसर्गोपचाराच्या पत्रकावर खपून जाईल! डॉक्टर रोगापाशी दोन मिनिटं थांबतो, नर्स माणसापाशी बारा तास. त्या बारा तासांत हाताला काहीतरी करावंसं वाटतं. पाय चेपावेसे, कपाळावरून हात फिरवावासा.

आणि यातूनच घसरगुंडीही सुरू होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत डोलोरेस क्रीगर नावाच्या नर्सिंगच्याच प्राध्यापिकेने 'थेराप्युटिक टच' काढला. अंगाला हात न लावता वरून फिरवायचा आणि रुग्णाचं ऊर्जाक्षेत्र नीट करायचं. हजारो नर्सेस शिकल्या. मग एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठ्याचा आडोसा केला, पलीकडून या जाणकारांनी दोन्ही हात पुढे करायचे, ही आपला हात त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर धरणार, आणि त्यांनी ओळखायचं कोणत्या. २१ जाणकार, २८० प्रयत्न, बरोबर निघाले ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मे आले असते. १९९८ मध्ये ते छापून आलं. मी दरवर्षी वर्गात हा प्रयोग करून घेते. मुली आधी पोट धरून हसतात, आणि मग एखादी विचारते, "पण मॅडम, पेशंटला बरं वाटायचं ना?" दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

खाडीपलीकडचा | बुधवार, सकाळी ११:२५

एमिली रोझासाठी +१००. मीच लिहिणार होतो.

आईची लेक | बुधवार, दुपारी २:४०

मी नर्स नाही. आईच्या केमोच्या वेळी सहा महिने हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्या, तेव्हाचं सांगते.

तिसऱ्या सायकलला आईला उलट्यांनी नको केलं होतं. इंजेक्शन देऊन झालेलं, पुढचा डोस द्यायला वेळ होता. एक सिस्टर आली, तरुण होती. आईच्या शेजारी स्टुलावर बसली, आईचा हात उलटा केला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं मोजली आणि मधल्या दोन शिरांच्या मध्ये अंगठ्याने दाबत राहिली. काही बोलली नाही. पाचेक मिनिटं. आईचा श्वास हळूहळू खाली बसला. मला म्हणाली, "तुम्ही पण दाबून द्या, असंच. आणि इंजेक्शनची वेळ झाली की मला बोलवा, याने ते टळत नाही."

मी घरी येऊन शोधलं. त्या जागेला ॲक्युप्रेशरमध्ये पी-६ म्हणतात. उलटीवरचं औषध थांबवून हे करा, असं ती कधीच म्हणाली नाही. मला ते फार आवडलं.

आणि कबुली. आम्ही आईला गुळवेलही देत होतो. त्या सिस्टरने कधी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं बहुतेक.

शिकवणी | बुधवार, दुपारी ३:०५

पी-६ बद्दल त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी ५९ चाचण्यांचा, कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१५ मध्ये आला, त्यात ते उलटीच्या औषधांच्या तोडीचं दिसलं, चाचण्यांचा दर्जा मात्र फार उच्च नव्हता. केमोसाठी इतक्या ठामपणे म्हणता येत नाही. पण दाबून नुकसान काही नाही.

गुळवेलीचं मात्र बघा. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा पेशंट मिळाले, सगळे गुळवेल घेणारे. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं, की वनस्पती गुळवेलच होती हे नक्की केलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते. वाद बाजूला ठेवा. घेणाऱ्याला तरी वेल ओळखता येते का?

खाडीपलीकडचा | बुधवार, दुपारी ३:३०

मनगटाचं मान्य. चाचणी आहे, इंजेक्शन चालू आहे, पैसे मागितले नाहीत, आणि ऊर्जेच्या गप्पा नाहीत. माझी तक्रार असल्या सिस्टरबद्दल नाहीच.

वैद्यबुवा नेरूळकर | बुधवार, दुपारी ३:४१

सूर्य पश्चिमेला उगवला. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

माझ्याकडून सिस्टर लोकांना चार नावं, भांडण नको म्हणून माझ्याच गल्लीतली. ज्येष्ठमध रोज घेणाऱ्याचं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावरचा पेशंट असेल तर लगेच सांगा. लसूण, हळद यांचे अर्क आणि कॅप्सूल वॉरफरिनवाल्याला, म्हणजे रक्त पातळ करायचं औषध घेणाऱ्याला, नकोत. भाजीतली फोडणी चालेल, घाबरू नका. कारल्याचा रस आणि इन्सुलिन एकत्र असेल तर साखरेवर डोळा ठेवा. आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर असं काय चालू आहे ते दोन आठवडे आधी भूलतज्ज्ञाच्या कानावर घाला.

निवृत्त मेट्रन | बुधवार, रात्री ८:१५

हे सगळं ठीक. पण नर्सच्या अंगावर काय येतं तेही लिहा कोणीतरी. पी-६ दाबणाऱ्या त्या मुलीच्या जागी पेशंटला नंतर काही झालं असतं, तर "हे कोणी करायला सांगितलं?" म्हणून पहिला मेमो तिला मिळाला असता. ऑर्डर नाही, नोंद नाही. वैद्यबुवा रात्रीत दोन शास्त्रं चालवतात, त्यांच्याकडे रजिस्ट्रेशन आहे. सिस्टरने आल्याचा तुकडा चघळायला दिला तरी तिने मर्यादा ओलांडली. म्हणून मुली 'बाहेरचं काही घ्यायचं नाही' हे एकच वाक्य पाठ करतात. ते वाक्य पेशंटसाठी नसतं, स्वतःला वाचवण्यासाठी असतं.

ब्रदर घणसोली | बुधवार, रात्री ९:५०

अनुमोदन, बाई. शंभर टक्के.

रात्रपाळी | पुढच्या शनिवारी, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय, कारण मधल्या काळात एक-दोन गोष्टी झाल्या.

इनचार्ज सिस्टरांना विचारलं, ॲडमिशन शीटवर एक ओळ वाढवता येईल का. त्या म्हणाल्या, फॉर्म हेड ऑफिसहून छापून येतो, आपण त्यावर टिंबही काढू शकत नाही. मग मी हँडओव्हरच्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने रकाना आखला. 'घरचं' असं नाव दिलंय. प्रश्न असा विचारते, "घरी बरं नसलं की तुमच्याकडे काय करतात?" आणि लिहून घ्यायच्या आधी सांगते की हे मी डॉक्टरांना दाखवणार आहे, आणि ते विचारतील तेव्हा मी इथेच उभी असेन. दोनजणांनी ते ऐकून काहीच सांगितलं नाही. सरांनी वही एकदा चाळली. "हे काय नवीन?" म्हणाले, आणि ज्येष्ठमधाखाली स्वतःच रेघ मारून पोटॅशियम पाठवायला सांगितलं. बास, एवढंच.

सात नंबरच्या काकू परवा ओपीडीच्या लिफ्टपाशी दिसल्या. मी हसले. त्यांनी मान हलवली की केस मागे घेतले, कळलं नाही.

आणि काल रात्री दिवा गावाहून आलेल्या एका आजींना तो प्रश्न विचारला. पाऊण तास झाला तरी यादी संपेना. अडुळसा, सुंठ, जायफळ उगाळून, गवती चहा, एका काविळीवाल्याचं झाडपाल्याचं औषध, तेही २०११ सालातलं. पानभर झालं. शेवटी उशीखालून पोटली काढून एक छोटी बाटली माझ्या हातात दिली. "आणि हे तुझ्यासाठी. सारखी कमरेवर हात ठेवून उभी राहतेस, बघतेय मी."

तेल आहे. वासावरून निर्गुडी असावी. लेबल नाही, बॅच नंबर नाही, वैद्यबुवा. बाटली अजून माझ्या पर्समध्येच आहे, आणि कंबर दुखतेय.